तेल, फूल आणि पक्कड

निर्जीव वस्तूशी वागताना नीती-अनीतीचा प्रश्न उद्भवतो काय, असे कुणी आम्हांस पूर्वी विचारले असते, तर नकारार्थी उत्तर देऊन आम्ही मोकळे झालो असतो. नीती माणसामाणसांत असते. फार तर मुक्या प्राण्यांपर्यंत तिची व्याप्ती नेता येईल. लोखंडाच्या तुकड्याला वेदना नाही, स्मृती नाही, मान-अपमान नाही. त्याला तेल दिले काय किंवा हातोडी मारली काय, त्याचे काही जात नाही. हे मत आम्ही बरीच वर्षे निश्चिंतपणे बाळगले. २०२४ च्या उन्हाळ्यात एका जुन्या रंध्याने ते डळमळीत केले. त्या रंध्याची हकीकत आणि तिच्यामुळे मनात आलेले काही विचार वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आमचे आजोबा खानदेशातून तापी खोऱ्याच्या रेल्वेने सुरतेस आले आणि इथलेच झाले. आपल्यापैकी अनेक घराण्यांची कथा थोड्याफार फरकाने अशीच आहे. ते शाळेत सुतारकाम शिकवीत. त्यांच्या हत्यारांच्या पेटीत एक लोखंडी रंधा होता. स्टॅन्ले कंपनीचा, पाच नंबरचा, चौदा इंच लांबीचा. आपल्याकडच्या लाकडी रंध्यात पाते पाचर ठोकून बसवतात आणि ते पुढे-मागे करायचे झाल्यास हातोडीचे हलके ठोके द्यावे लागतात. या लोखंडी रंध्यात मात्र पात्यामागे एक लहानसे पितळी चाक असते. ते बोटाने फिरवले की एक तरफ हलते आणि पाते केसभर पुढे किंवा मागे सरकते. बॉस्टनच्या लिओनार्ड बेली नावाच्या कारागिराने १८६७ साली या रचनेचे पेटंट घेतले आणि १८६९ मध्ये स्टॅन्ले कंपनीने त्याचे हक्क विकत घेतले. तेव्हापासून आजतागायत जगभरच्या लोखंडी रंध्यांत बहुतांशी हीच रचना चालत आली आहे. तिच्यात एक खुबी आहे. चाक ज्या दांड्यावर फिरते, त्या दांड्याचे आटे उलटे, म्हणजे डावे असतात. चाक उजवीकडे फिरवले की पाते पुढे यावे, अशा सोयीसाठी ते तसे केलेले आहेत. ही खुबी आम्हांस ठाऊक नव्हती. पुढे जे घडले, त्याचे मूळ या अज्ञानात आहे.

ऑगस्ट २००६ चा महापूर सुरतकरांना निराळा सांगावयास नको. सुमारे शंभर किलोमीटर वर असलेल्या उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याचा विसर्ग नऊ लाख क्युसेकच्या घरात गेला आणि शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली आला. नानपुऱ्यातील आमच्या घराचा तळमजला बुडाला. पाणी ओसरल्यावर गाळ उपसताना आजोबांची पेटी सापडली. वडील तेव्हा हयात होते. त्यांनी रंधा धुतला, पुसला, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळला आणि माळ्यावर ठेवला. “नंतर बघू,” असे ते म्हणाले. त्या दिवसांत घरात बघण्यासारखे इतके काही होते की त्यांना दोष देता येणार नाही. पण ते ‘नंतर’ त्यांच्या हयातीत आले नाही आणि त्यांच्या पश्चात आम्हीही ते येऊ दिले नाही.

रंधा अगदीच विस्मृतीत गेला होता, असे मात्र नाही. दरवर्षी खंडेनवमीला तो माळ्यावरून खाली येई. हळदकुंकू लागे, झेंडूचे फूल वाहिले जाई, हात जोडले जात आणि तो पुन्हा माळ्यावर जाई. २००६ ते २०२३ अशी अठरा वर्षे हा क्रम चालला. अठरा फुले वाहिली. तेलाचा थेंब एकदाही पडला नाही.

२०२४ च्या मे महिन्यात नातवाने झोपाळ्याची फळी घासून गुळगुळीत करायचे मनात घेतले आणि पणजोबांचा रंधा मागितला. (ते त्याच्या बापाचे पणजोबा, त्याचे खापरपणजोबा, पण मुलाला एवढा हिशेब कुठला?) फडके सोडले, तो चाक जागचे हलेना. आम्ही आधी बोटांनी जोर केला, मग फडक्यात धरून केला आणि शेवटी पक्कड आणली. सैल करायचे म्हणजे डावीकडे फिरवायचे, ही जन्मभराची सवय. उलट्या आट्यांच्या दांड्यावर डावीकडे फिरवणे म्हणजे चाक अधिकच आवळणे होते, हे आम्हांस कळत नव्हते. जितके ते हलेना, तितका आम्ही जोर वाढवीत गेलो. पक्कड सटकली आणि चाकाच्या काठावरचे बारीक दाते चार ठिकाणी चेचले गेले. नातू बाजूला उभा राहून पाहत होता.

आमच्या फळियात एक वृद्ध गुजराती मिस्त्री राहतात. त्यांना बोलावले. त्यांनी रंधा हातात घेतला, चाकाकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले आणि “उतावळे आंबा न पाके,” एवढेच म्हणाले. या गुजराती म्हणीचे मराठी करून सांगण्याची इथल्या वाचकांना गरज नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी काहीच केले नाही. निदान आम्हांस तसे वाटले. दात घासण्याच्या ब्रशने आणि रॉकेलने त्यांनी दांड्याचा उघडा भाग स्वच्छ केला, भिंग लावून आट्यांचा उतार कोणत्या बाजूला आहे ते पाहिले आणि आम्हांस प्रश्न विचारले. हे शेवटचे कधी फिरले होते? पाण्यात किती दिवस होते? गाळ खारट होता का? पक्कड कोणत्या बाजूला फिरवली? मग त्यांनी रॉकेल आणि शिवणयंत्राचे तेल एकत्र करून दोन थेंब आट्यांच्या तोंडाशी सोडले आणि ते घरी गेले.

त्यानंतर रोज संध्याकाळी ते येत. दोन थेंब तेल, लाकडी हातोडीचे आठ-दहा हलके ठोके, एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे बोटांनी चाचपणी, की झाले. हे सारे कशासाठी, ते नातवाच्या प्रश्नांमुळे आम्हांसही कळले. गंज हा मूळच्या लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. आट्यांच्या फटीत तो फुगतो आणि पाचर मारल्यासारखा बसतो. तेल त्या फटीत ओढले जाते, पण अतिशय सावकाश. ठोक्यांच्या कंपनाने गंजाला बारीक भेगा पडतात आणि तेलाला वाट मिळते. सहाव्या दिवशी त्यांनी तेल नीट पुसून काढले आणि शेगडीवर तापवलेली एक कांब फक्त पितळी चाकाला टेकवली. उष्णतेने पितळ पोलादापेक्षा सुमारे दीडपट अधिक पसरते; त्यामुळे चाकाचे भोक दांड्यापेक्षा किंचित मोठे होते. रंध्याच्या बिडाच्या अंगाला मात्र त्यांनी आच लागू दिली नाही. बीड असमान तापले तर तडकते.

नवव्या दिवशी चाक केसभर हलले. आम्ही हर्षभराने “फिरवा, फिरवा,” म्हणालो, तो त्यांनी ते पुन्हा मागे फिरवले. गंजाचा चुरा आट्यांत साठतो. पुढेच रेटत गेले तर तो चुराच चाकाला पुन्हा आवळतो. म्हणून पाव फेरा पुढे, तितकाच मागे, पुन्हा तेल, चुरा बाहेर. अकराव्या दिवशी चाक दांड्यावरून मोकळे होऊन मिस्त्रींच्या तळहातावर आले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. त्या चाकाशी आम्ही जे वागलो, ते केवळ अकुशल होते, की अनुचितही होते?

जर्मन तत्त्वज्ञ इमान्युएल कांट याने १७९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात या प्रश्नाला स्पर्श केला आहे. निसर्गातील निर्जीव पण सुंदर अशा गोष्टींचा उगाच विध्वंस करण्याची प्रवृत्ती निषिद्ध का मानावी? त्याच्या मते त्या वस्तूंसाठी नव्हे, तर आपल्यासाठी. कारण तशा वर्तनाने माणसाच्या ठायी असलेली, नीतीला पोषक अशी एक कोवळी वृत्ती बोथट होते. ज्याचे कर्तव्य आहे, तो माणूसच. वस्तू केवळ निमित्त. कांटचा हा युक्तिवाद आम्हांस पटतो, पण पुरेसा वाटत नाही. आमचा काही विध्वंसाचा हेतू नव्हता. उलट, रंधा चालू करण्याचीच तळमळ होती. तळमळीने केलेल्या गोष्टीत दोष कुठे आला?

आमच्या मते दोष असा. चाक कुठे अडले आहे, कशाने अडले आहे, ते मुळात कोणत्या बाजूला फिरते, यांपैकी एकही गोष्ट आम्हांस ठाऊक नव्हती आणि ती जाणून घेण्याची इच्छाही नव्हती. त्या न-जाणण्याच्या जागी आम्ही जोर वापरला. जोर ही स्वतः वाईट गोष्ट नव्हे. मिस्त्रींनीही हातोडी वापरली, आच वापरली. पण त्यांचा जोर त्यांना जे कळले होते त्याच्या मागून येत होता आणि आमचा जोर कळून घेण्याच्या कष्टातून सुटका करून देत होता. शिवाय ते चाक हलले नाही, तेव्हा आमच्या मनात त्याच्याविषयी चक्क राग होता. जणू ते हट्टाने अडून बसले होते! अठरा वर्षे तेल न घालणारे आम्ही, आणि हट्टी ठरले चाक.

कुणी म्हणेल, तर मग धीर धरावा, एवढेच सांगायचे आहे ना? तितके सोपे नाही. कारण त्या अठरा वर्षांत आमचा समज असा होता की आम्ही धीरच धरून आहोत. ‘योग्य वेळ येईल तेव्हा पाहू’ हे वाक्य धीराचे वाटते. प्रत्यक्षात ती चालढकल होती आणि प्रत्येक पावसाळ्यात गंज वाढत होता. चालढकल आणि धीर बाहेरून सारखेच दिसतात. दोहोंतही चाक हललेले दिसत नाही. फरक एवढाच की धीरात रोज दोन थेंब पडतात आणि रोज चाचपणी होते. जोर आणि चालढकल या गोष्टी आपण परस्परविरोधी मानतो. वस्तुतः त्या सख्ख्या बहिणी आहेत. जो वर्षानुवर्षे टाळतो, तोच एके दिवशी पक्कड घेऊन धावतो. पुरानंतर, धरणातले पाणी आधीपासून थोडेथोडे सोडावयास हवे होते की नाही, यावर बराच वाद झाला. त्याचा निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाही. मात्र थोडेथोडे आणि वेळेवर करणे म्हणजे काय, हा प्रश्न या शहराने फार मोठी किंमत देऊन ऐकला आहे, एवढे खरे.

आणि फुलाचे काय? हत्यारांच्या पूजेला आम्ही नावे ठेवीत नाही. ज्या हातांनी आपल्याला पोसले, त्या हातांच्या साधनांपुढे वर्षातून एकदा नम्र होणे ही सुंदर रीत आहे. पण कारागिराच्या घरी पूजेच्या आदल्या दिवशी हत्यार घासून, पुसून, तेल देऊन ठेवतात. फूल त्यानंतर येते. आम्ही मधली पायरी गाळली होती. आदराने आमच्या मनाला समाधान दिले आणि त्या समाधानानेच तेलाची आठवण होऊ दिली नाही. ज्याला आपण पूज्य मानतो त्याचीच सर्वांत अधिक हेळसांड होऊ शकते, हे सांगावयास संकोच वाटतो, पण आमचा अनुभव तसा आहे.

इथे रंध्याची गोष्ट थांबवता आली असती. परंतु ज्या अकरा संध्याकाळी मिस्त्री येत, त्या संध्याकाळी आमच्या डोळ्यांसमोर आणखी एक गोष्ट होती आणि ती सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही.

आमचा नातू आमच्याशी मराठीत बोलत नसे. आधी बोलत असे. काही वर्षांपूर्वी गणपतीत घरी पाहुणे असताना तो ‘माझी पेन’ म्हणाला. गुजरातीत ते बरोबर आहे, मराठीत नाही. आम्ही सर्वांदेखत त्याला थांबवले, ‘माझे पेन’ असे तीनदा म्हणवून घेतले आणि पाहुणे हसले तेव्हा आम्हीही हसलो. त्यानंतर आम्ही मराठीत विचारावे आणि त्याने गुजरातीत उत्तर द्यावे, असा परिपाठ पडला. ‘आजकालच्या मुलांना भाषेची आस्थाच नाही’ अशी तक्रार याच मंडळाच्या बैठकीत आम्ही केल्याचे सभासदांना स्मरत असेल. ती तक्रार म्हणजे हट्टी चाकावरचा राग होता.

आपल्या घरांतील मराठीची स्थिती आपण जाणतोच. २७ फेब्रुवारीला आपण मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा आपण पेढे वाटले आणि वाटायलाच हवे होते. ही फुले आहेत. पण जेवताना, झोपाळ्यावर, भाजी निवडताना मुलांशी रोज किती वाक्ये मराठीत होतात? आणि होतात तेव्हा त्यांत चाचपणी किती असते नि पक्कड किती?

ज्या दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ मध्ये मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, ते पुढे काही वर्षे याच सुरतेत होते, याचे आपल्याला सार्थ कौतुक असते. १८४४ मध्ये दुर्गाराम मेहताजी या गुजराती शिक्षकाच्या बरोबरीने त्यांनी इथे मानवधर्मसभा स्थापन केली; जातिभेद आणि अंधश्रद्धा यांविरुद्ध बोलणारी. संस्थापक सुरत सोडून गेल्यावर सभा मंदावली आणि थांबली. तेव्हा कुणालाही वाटले असते की चाक हलले नाही. परंतु दादोबा पुढे मुंबईच्या परमहंस सभेत होते आणि त्यांचे बंधू आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने १८६७ मध्ये प्रार्थना समाज उभा राहिला. सुरतेत पडलेले थेंब तिथवर पोहोचले, असा थेट कार्यकारणभाव मांडणे धाडसाचे होईल. इतकेच म्हणू की रूढी कुठे आणि कशाने आवळल्या आहेत, हे शोधण्याचे काम ज्यांनी हाती घेतले, त्यांत मराठी भाषेचे नियम सर्वांत बारकाईने पाहिलेला एक माणूस होता. नियम जाणणे म्हणजे आटे कोणत्या बाजूला आहेत ते जाणणे. त्या ज्ञानाची पक्कड करायची की भिंग, हे जाणणाऱ्यावर आहे.

एक आक्षेप उरतो. सर्वच अडलेले तेलाने सुटते काय? नाही. मिस्त्रींनीच सांगितले की काही चाके सुटत नाहीत. तेव्हा ती कापून काढावी लागतात आणि नवे बसवावे लागते. मग अकरा दिवस व्यर्थ गेले असे म्हणायचे का? त्यांचे उत्तर असे की अकरा दिवसांनंतर कापणारा आणि पहिल्याच दिवशी कापणारा, हे दोघे एकच कृती करीत असले तरी एकच माणूस नव्हेत. पहिल्याला काय कापतो आहोत ते ठाऊक असते. आम्हांस वाटते, आमच्या प्रश्नाचे हेच उत्तर असावे. निर्जीव वस्तूला आपण दया देणे लागत नाही. पण लक्ष देणे लागतो. कारण त्या वस्तूत तिला घडवणाऱ्याची आणि वापरणाऱ्याची बुद्धी साठलेली असते. बेलीची तीत होती, आजोबांचीही होती. ती समजून घेण्याआधी मोडून टाकण्याचा अधिकार आपल्याला नाही. आणि वस्तूच्या बाबतीत जो हे शिकला नाही, तो माणसांच्या बाबतीत आयत्या वेळी शिकेल, असा भरवसा आम्हांस तरी राहिलेला नाही.

अकराव्या दिवशी कंदिलासारखा मोबाइलचा उजेड धरून नातू मिस्त्रींच्या शेजारी बसला होता. चाक तळहातावर आले तसा तो आमच्याकडे वळला आणि उत्साहाच्या भरात म्हणाला, “आजोबा, चाक फिरला!”

पक्कड ओठांपर्यंत आली होती. आम्ही म्हणालो, “हो रे, फिरलं चाक. कितव्या दिवशी फिरलं?”

“अकराव्या,” तो म्हणाला.

तो अजून चुकतो, पण बोलतो. झोपाळ्याची फळी त्यानेच घासली. चाकावरचे चार चेचलेले दाते तसेच आहेत. ते घासून काढू नयेत असे आम्ही मिस्त्रींना सांगितले. त्या वर्षीच्या खंडेनवमीला रंधा माळ्यावरून नव्हे, तर पेटीतून बाहेर आला. नातवाने आधी तेलाचे दोन थेंब सोडले, चाक एकदा पुढे, एकदा मागे फिरवून पाहिले आणि मग फूल वाहिले.